भुकेला धोंडा

पहिले तीन मल्ये माझ्याकडे उपाशी मेले. टँकमध्ये अन्न होतं, दिवसातून दोनदा मी स्वतःच्या हाताने घालत होतो, आणि तरी त्यांची पोटं खपाटीला गेली. मासे सांभाळणं हा माझा धंदा. १९९८पासून पुण्यात घरोघरी टँक लावून द्यायचे, दर पंधरवड्याला जाऊन पाणी बदलायचं, फिल्टरचा स्पंज पिळायचा, आजारी मासा वेगळा काढायचा, यावर माझं घर चाललं. इतक्या वर्षांत ग्राहकांचे मासे मेले ते बहुतेक जास्त खाण्याने. भुकेने मासा मेलेला मी पाहिला तो माझ्याच घरात. ते मला फार लागलं, आणि आजही आठवलं की लागतं.

ते मासे आले कोथरूडच्या एका काकूंकडून. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचे नातू मुळशीकडे फिरायला गेले होते. तिथल्या ओढ्यात पंचा धरून त्यांनी सहा मासे पकडले, पाण्याच्या बाटलीत घालून आणले आणि काकूंच्या गोल्डफिशच्या टँकमध्ये सोडून आपापल्या घरी गेले. मी सर्व्हिसला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, हे नुसते काचेला चिकटून बसतात. काही खात नाहीत. मला बघवत नाही. तुम्ही घेऊन जा, तुमच्याकडे जगतील." तुमच्याकडे जगतील, हा त्यांचा विश्वास मी पिशवीत पाण्याबरोबर बांधून घरी आणला.

मासा लहानपणापासून ओळखीचा. पवनेच्या खोऱ्यात आमचं गाव, आणि गावच्या ओढ्यात दगड उचलला की त्याखालून सुळकन जाणारा हाच. बोटभर लांब, अंगाने नळीसारखा, पण पोटाकडून सपाट. पाठ ओल्या दगडाच्या रंगाची, कुशीवर एक पुसट गडद पट्टा. तोंड पार खाली, आणि खालच्या ओठाच्या मागे, हनुवटीच्या जागी, एक मांसल चकती. ती खडकावर दाबायची, छातीचे पर दोन्ही बाजूंना आडवे पसरायचे, की पावसाळ्यातला लोंढाही त्याला हलवू शकत नाही. आषाढात ओल्या कातळावरून हे मासे वर चढताना मी पाहिले आहेत. पाण्याबाहेर, नुसत्या ओलीवर, थांबत थांबत.

आम्ही त्याला मल्या म्हणतो. शास्त्रातही तो मल्याच आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली, तेव्हा इथले लोक माशाला जे म्हणत तेच नाव त्याने पुष्कळ जातींना दिलं. म्हणून शिंगटीच्या शास्त्रीय नावात शिंगटी आहे आणि मल्याच्या नावात मुल्या. माझ्या ग्राहकांत प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांनी हे सांगितलं. गॅरा मुल्या. त्या दिवशी मी घरी येऊन ते नाव टँकवर कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटवलं. आपल्या भाषेतला शब्द असा साऱ्या जगाच्या पुस्तकात जाऊन बसलेला बघून ऊर भरून येतो.

पण नाव माहीत असणं वेगळं आणि खाणं माहीत असणं वेगळं.

माझा टँक तेव्हा लखलखीत असायचा. धंद्याची सवय. काचेवर हिरवा ठिपका दिसला की ब्लेडने खरवडायचा, दगड ब्रशने घासायचे. मी सगळ्या माशांना घालतो तसं तरंगणारं खाणं मल्यांनाही घातलं. ते पाण्यावर पसरायचं, वरच्या थरातले मासे ते फस्त करायचे, आणि हे सहाजण तळाशी घासून पुसून लख्ख केलेल्या दगडांवरून तोंड फिरवत राहायचे. तोंड फिरवतायत म्हणजे खातायत, असं मी धरून चाललो. दगडावर काहीच नव्हतं. पाच आठवड्यांत तिघे गेले. मेलेला मासा हातात घेतला तर डोकं मोठं, पाठ धारदार आणि पोट आत ओढलेलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. बुडणाऱ्या गोळ्या आणल्या, मांगूरसारख्या मांसाहारी माशांसाठी असतात त्या, मासळीची भुकटी भरपूर असलेल्या. मल्ये त्यावर तुटून पडले. मला हायसं वाटलं. दगड चाटणंच त्यांनी सोडून दिलं. माझी सावली पडली की कोपऱ्यात गोळा होऊन वाट बघायचे. दोन आठवड्यांत एकाचं पोट टम्म फुगलं, त्याची विष्ठा बंद झाली आणि तो एका रात्रीत गेला. पाणीही बिघडलं होतं. खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या दोन्ही गोळ्यांचा शेवट अमोनियात होतो, आणि फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पण त्यांनाही त्यांच्या ताकदीइतकंच काम देता येतं. हे मी लोकांना शिकवत आलो होतो. स्वतःच्या टँकमध्ये, मासा जगावा या घाईत, मला ते दिसलं नाही.

दोन उरले.

त्याच सुमारास माझे वडील, आबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आले होते. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर दुपारभर टँकसमोर बसायचे, नवा डोळा वापरून बघत असल्यासारखे. मी गोळ्या टाकत होतो. त्यांनी विचारलं, "हा मल्या ना रं?" मी हो म्हटलं. "मग ह्याला चारतोस कशाला? हा चरणारा जीव. ह्याला चरायला सोड."

आबांचं बालपण माझ्या आजोबांबरोबर शेळ्यांमागे गेलं. आजोबा माळाचे तुकडे पाडायचे आणि शेळ्या फिरवत न्यायचे. चरून झालेल्या तुकड्यावर गवत वर येईपर्यंत एक शेळी फिरकू द्यायचे नाहीत. शेळीला घरात पाला टाकला तर ती खाते, पण दिवसभर रानात फिरून, इथली दोन पानं तिथले चार शेंडे तोडून जे पोटात जातं तेच तिच्या अंगी लागतं, असं आबांचं म्हणणं. चारताना हात आपला आणि वेळही आपली. चरताना तोंड जनावराचं आणि वेळही त्याचीच. इतकी वर्षं मी फक्त चारत आलो होतो. ग्राहकांनाही मी चारायलाच शिकवलं होतं: सकाळी चिमूटभर, संध्याकाळी चिमूटभर.

मी प्राध्यापकांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या वडिलांनी शरीररचना न बघता बरोबर सांगितलं." कार्पच्या कुळातल्या माशांना, म्हणजे रोहू, कटला, गोल्डफिश आणि आपला मल्या यांना, जठरच नसतं. गिळलेलं थेट आतड्यात जातं. आपण किंवा कुत्रं जसं एकदा पोटभर खाऊन ते साठवून ठेवतो, तशी साठवायची पिशवीच या माशाला नाही. त्यातून मल्याचं अन्न हलकं, पोषण थोडं, म्हणून आतडं लांबच लांब, अंगाच्या लांबीच्या कितीतरी पट, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं वेटोळं करून बसवलेलं. दिवसभर थोडं थोडं आत येत राहावं आणि हळूहळू पुढे सरकत राहावं, यासाठी ते बनलंय. त्यात दोन वेळचं जड जेवण कोंबलं की काय होतं ते मी पाहिलंच होतं. आणि दिवसभर काहीच आत गेलं नाही तर काय होतं तेही.

तेव्हापासून मी माशाला खायला घालणं कमी केलं आणि दगड वाढवायला लागलो.

गच्चीवर चार पसरट टब मांडले. गावच्या नदीतले तळहाताएवढे गोल काळे दगड आणले, चोवीस. प्रत्येक टबात सहा. टबात वीतभरही पाणी नाही, कारण ऊन दगडापर्यंत पोचायला हवं. पाणी टँकमधूनच काढलेलं: पाणी बदलताना जे आपण मोरीत ओततो त्यात नायट्रेट असतं आणि शेवाळाला ते खत म्हणून चालतं. पहिले तीन-चार दिवस काही दिसत नाही, दगडावर बोट फिरवलं तर मात्र बुळबुळीत लागतं. मग तपकिरी धूळ बसल्यासारखा थर येतो. ते डायटम, एकेका पेशीचं शेवाळ, प्रत्येकाला काचेसारख्या सिलिकाचं कवच. नंतर हिरवं. नववा-दहावा दिवस उजाडला की दगड मखमली होतो. दर तिसऱ्या दिवशी एका टबातले सहा दगड टँकमध्ये, आणि टँकमधले साफ झालेले सहा परत आपल्या रिकाम्या टबात. म्हणजे प्रत्येक दगडाला उन्हात नऊ दिवस मिळतात. आजोबांच्या माळाचा हिशेब मी टबात मांडला.

दगडावरचा हा थर नुसतं शेवाळही नसतो. त्यात जिवाणू असतात, बारीक किड्यांची पिल्लं असतात, कुजलेल्या पानांचा भुगा असतो. ओढ्यात मल्या हे सगळं खरवडून घेतो. म्हणूनच मी एकदा बाजारातली शेवाळाची भुकटी पाण्यात कालवून दगडांवर ओतून पाहिली तेव्हा ती पुरली नाही. दगडावर उगवलेल्याला जी घट्ट पकड असते ती त्यात नव्हती. पाणी हिरवं झालं, मासे उपाशीच.

एक मोठी चूक इथेही झाली. गच्चीवर उघडं, स्वच्छ, साचलेलं पाणी म्हणजे डासांना आमंत्रण, आणि डेंग्यूचा डास अशाच पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला त्याला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, आणि माझे दगड नऊ दिवस टबात. तपासणीला आलेल्या आरोग्यसेविकेने टबात अळ्या दाखवल्या तेव्हा मान खाली गेली. इमारतीत लहान मुलं आहेत. त्या दिवशीच जुनी मच्छरदाणी फाडून चारही टबांवर ताणून बांधली. ऊन आत जातं, डास जात नाही. हे काम ज्याला करायचं असेल त्याने पहिलं जाळं आणावं आणि मग दगड.

नवे दगड टँकमध्ये ठेवले की काय होतं, हे सांगायला मला फार आवडतं. पाण्यात हात गेला की सगळे पांगतात. हात बाहेर आला की मिनिटभरात पहिला येतो, दगडाच्या माथ्यावर बसतो, चकती टेकवतो आणि खालच्या जबड्याच्या धारेने खरवडायला सुरुवात करतो. जबड्यात दात नाहीत. दात घशात असतात. डोकं दोन्ही बाजूंना हलवत तो पुढे सरकतो आणि मागे पेन्सिलीएवढा काळा पट्टा उघडा पडत जातो. मोठा मासा दगडाचा वरचा, उजेडाकडचा भाग राखतो, कोणी आलं तर कुशीने ढकलतो. म्हणून सहा दगड सहा ठिकाणी मांडायचे, ढीग करायचा नाही. ढीग केला तर दुबळ्याच्या वाट्याला सावलीतली बाजू येते. संध्याकाळी टँकवर दिवा लावून पाहिलं तर दगडांवर पट्टेच पट्टे.

त्यांची तब्येत मी विष्ठेवरून ओळखतो. हे वाचून कोणी नाक मुरडेल, पण माशांच्या माणसाला याहून खरा निरोप दुसरा मिळत नाही. हिरवट-तपकिरी, लांब, सुतासारखी तार मागे लोंबत असेल तर आतडं चालू आहे. पांढरी, पोकळ तार दिसली की समजायचं, आत काही जात नाही किंवा आत काही बिघडलं आहे. त्यानंतर वरून पाहायचं: कल्ल्यांच्या मागे पोट दोन्ही बाजूंना किंचित भरलेलं असावं. समोरच्या काचेतून मासा नेहमी बरा दिसतो, वरून बघितल्यावर खरं कळतं. माझे ते पहिले तीन मी वरून कधी पाहिलेच नव्हते.

पावसाळ्यात पंचाईत होते. जुलैत आठ-आठ दिवस ऊन नाही, दगड काळेच राहतात. तेव्हा स्वयंपाकघराचा आधार. दोडका किंवा काकडी जाड कापून, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं काढून, स्टीलच्या चमच्याला अडकवून बुडवायची आणि पाच-सहा तासांनी उरलेली काढून घ्यायची. पालक चालतो, पण फवारणीची भीती असते, म्हणून मी तो गावाहून आला तरच घालतो. भाज्यांनी तोंड चालू राहतं, अंग भरत नाही. त्यांत बहुतेक पाणीच. अंग भरायला मी एक लेप करतो. कपभर पाण्यात चायना ग्रास चांगलं उकळवून विरघळवायचं, उतरवून जरा निवलं की त्यात स्पिरुलिनाची पावडर आणि सालं काढून कुस्करलेले उकडलेले मटार घालायचे आणि कोमट असतानाच कोरड्या दगडांवर पातळ थापायचं. पाच मिनिटांत ते दगडाला धरून बसतं. आधी मी जिलेटिन वापरलं होतं, ते पुण्याच्या एप्रिलमधल्या पाण्यात सुटून ढगासारखं पसरलं. चायना ग्रास एकदा धरलं की इतक्या ऊबेला सुटत नाही. स्पिरुलिनात निम्म्याहून अधिक प्रथिनं असतात, त्यामुळे लेप आठवड्यातून दोनदाच, आणि तोही खरवडावा लागेल इतका पातळ. त्यांचं काम त्यांच्याकडेच राहिलं पाहिजे.

उन्हाळ्यात मात्र अन्नाआधी हवा. वीस अंशांच्या पाण्यात एका लिटरमध्ये सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. ओढ्याच्या फेसाळ पाण्यातला हा मासा. त्याला तो फरक लगेच कळतो. एप्रिल-मेमध्ये मी पंप दुप्पट करतो, टँकवर ओलं गोणपाट टाकतो आणि लेप बंद करतो. गरम पाण्यात अन्न सडतंही लवकर. झाकण तर बारा महिने घट्ट हवं. मल्या काचेवरून चढतो. माझा एक असाच पाइपच्या फटीपर्यंत वर गेला होता.

हे सगळं जमायला लागल्यावर आबांच्या बरोबर जाऊन मी आमच्या शेताकडेच्या ओढ्यातून आणखी पाच आणले. आता सात आहेत. काकूंकडून आलेले दोघे त्यांत आहेत, चार वर्षांचे झाले.

ग्राहक मला विचारतात, काच साफ करणारा एखादा मासा द्या ना. वर्षानुवर्षं मी त्यांना सकर देत आलो; दुकानात मिळतो, स्वस्त, कसाही जगतो. दक्षिण अमेरिकेतला मासा. तो फूटभर वाढला की लोक कंटाळतात आणि नदीत किंवा तलावात सोडून देतात, आपण जीव वाचवला असं समजून. आज उजनीत मासेमारांच्या जाळ्यात तो येतो, जाळी फाडतो, आणि त्याला कोणी विकत घेत नाही. त्यांतले काही माझ्या हातून विकले गेलेल्यांपैकी असतील का, हा प्रश्न मला सोडत नाही. आता मी सकर विकत नाही. आणि मल्याही विकत नाही. जो गच्चीवर टब मांडून दाखवेल त्याला मी माझे दगड देतो, दोन महिने सांभाळायला. दगड हिरवे ठेवता आले तर मग माशाचं बघू. आतापर्यंत तिघांनी ते केलं. बाकीच्यांना मी सांगतो की काच कापडाने पुसा. आणि टँकमधला कुठलाही मासा, आपल्या ओढ्यातलाच असला तरी, परत ओढ्यात सोडू नका. टँकमधले रोग त्याच्या अंगावरून जातात.

गेल्या वर्षी मे महिन्यात गावच्या ओढ्याला गेलो. वरच्या अंगाला डोंगर कापून रस्ता आणि बंगल्यांकडे जाणारी पायवाट केली आहे. पहिल्या पावसात सगळी माती ओढ्यात आली होती. दगड उचलून पाहिला तर वर बोटभर गाळ, सुकून भेगाळलेला. गाळाखाली ऊन पोचत नाही, आणि ऊन नाही तर दगडावर काही उगवत नाही. पाणी होतं डोहात, मल्या एकही दिसला नाही. माझ्या लखलखीत टँकमध्ये जे झालं होतं तेच इथे मैलभर झालं होतं. आम्ही बापलेक डोहाच्या काठचे वीस-पंचवीस दगड धुऊन परत ठेवले. आबा म्हणाले, "दुसऱ्या पावसात परत भरंल." तरी ते धूतच राहिले.

आबा आता पुण्यातच असतात. दुपारचं जेवण झालं की खुर्ची टँकसमोर. मी सर्व्हिसहून आलो की ते आधी माशांची बातमी देतात. काल म्हणाले, "ह्या कडेचा दगड पार झालाय, सकाळपासून तो धाकटा रिकामाच फिरतोय. जा, वरून आण." तिसरा दिवस उद्या होता. मी गच्चीवर गेलो, मच्छरदाणी सोडली आणि टबातला सगळ्यात हिरवा दगड निवडला.